मध्यस्थ हजर पाहिजे

आमच्या संस्थेच्या दारावरची पाटी वाचून आत काय चालतं हे कुणाला कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ती तशी रंगवून घेतली आहे. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पाटीवर 'ग्रामीण', 'विकास' आणि 'केंद्र' असे तीन गरीब शब्द. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी बोअरवेलच्या अनुदानाची चौकशी करायला जिना चढून येतं. त्याला आम्ही पाणी देतो आणि पंचायत समितीचा रस्ता दाखवतो. बाकी येतात ती आमची माणसं. कुणाला एचआयव्ही आहे, कुणी पुरुष असून त्याचा जीव पुरुषावरच जडतो, कुणी मुलगा म्हणून जन्मून बाई म्हणून जगतं. काही जण एकाच वेळी दोन खात्यांत असतात. शुक्रवारी सगळे जमतात आणि त्या दिवशी जिन्याखालच्या झेरॉक्सवाल्याच्या कपाळाला आठी पडते, कारण आम्ही हसतो फार.

मी स्वतः पुरुषावर जीव जडणाऱ्यांतला. मार्केट यार्डात आडत्याकडे काम करणाऱ्या एका माणसाबरोबर मी राहतो. घरमालकाला 'मावसभाऊ' असं सांगितलं आहे. दोन मावसभावांना लग्न सुचत नाही आणि दोघांनाही एकाच खोलीत झोप लागते, याचं त्याला काही वाटत नसावं. वाटत असलं तरी त्याच्या कुंड्यांना आम्ही न चुकता पाणी घालतो, म्हणून तो गप्प राहत असेल.

माझं काम घरोघर जायचं. औषध चालू आहे ना, तब्येत बरी आहे ना, मन ठिकाणावर आहे ना, हे फोनवर कळत नाही. फोनवर सगळेच बरे असतात. पण कुणाच्या अंगणात गाडी लावायची तर घरच्यांना काहीतरी कारण लागतं. आमच्या बहुतेक माणसांनी घरात काही सांगितलेलं नसतं, आणि ते सांगायचं की नाही हा त्यांचा प्रश्न असतो, आमचा नाही. म्हणून प्रत्येक घरासाठी एक सोंग ठरलेलं. एका घरात मी डिश टीव्ही दुरुस्त करणारा, एका घरात शिलाई मशीनचा मेकॅनिक, एका घरात नुसताच शाळेतला जुना मित्र. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. शिलाई मशीनचंही फार वेळ आणता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

संस्था चालवणारी आमची ताई साठीची आहे. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून गावभर पेढे वाटले होते. बर्फी वाटायला पाहिजे होती, असं ती स्वतःच सांगते. सोंगांच्या बाबतीत तिचा नियम एकच. "एका घराला एक सोंग. आन दोन सोंगं कधी एका ओट्यावर बसवायची न्हाईत."

पळसदेवच्या एका घरात मी ठिबकवाला होतो. घरात दोनच माणसं, आबा आणि त्यांचा एकुलता मुलगा. मुलाची आई काही वर्षांपूर्वी गेली. मुलगा तिशी ओलांडलेला, कामाला वाघ, बोलायला मुका. त्याला एचआयव्ही होता. तो कसा झाला हे मी सांगणार नाही. आम्ही ते विचारत नाही आणि विचारणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही.

पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा ठिबकची नळी आणि गॅसची नळी यांतला फरक मला सांगता आला नसता. आबांनी चहासुद्धा न देता थेट डाळिंबात नेलं.

"बघा बरं, ह्या वळीला पाणी का पोचंना?"

मी गंभीर चेहऱ्याने नळी दाबून पाहिली आणि म्हणालो, "प्रेशर." हा शब्द कुठंही चालतो. आबांनी मान हलवली आणि मी सुटलो. पण पुढच्या खेपेला ते वाट बघत उभेच असणार हे मला कळलं होतं. खोटं टिकवायचं तर खऱ्यापेक्षा जास्त अभ्यास लागतो. मी बारामतीत ठिबकच्या दुकानात जाऊन बसायला लागलो, तिथल्या फिटरबरोबर दोन-चार शेतं फिरलो. तिथल्या शेतांना धरणाच्या बॅकवॉटरचं पाणी; त्यात शेवाळ असतं, त्याने आधी फिल्टर तुंबतो. क्षार साठून ड्रिपर, म्हणजे नळीवरची पाणी ठिबकायची भोकं, बुजतात, मग नळ्यांमधून ॲसिड सोडावं लागतं आणि शेवटच्या टोप्या काढून नळ्या धुवाव्या लागतात. हे सगळं मी शिकलो. धरणाचं पाणी उतरून त्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं की पाण्याच्या मोटारी पुढं सरकवायची वेळ होते, तेव्हा तर शेजारचेही मला हाका मारायचे. "ठिबकवालं, जरा हिकडं या की!" मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला शेतातलं काही विचारत होतं.

आबांची एकच काळजी. आजकाल शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, आणि हा तर आलेलं प्रत्येक स्थळ परतवतो. गावात कुजबुज सुरू झाली होती. एकदा फिल्टर उघडून बसलो असताना आबा माझ्यासमोर उकिडवे बसले.

"तुमी गावोगाव फिरता. एखादं स्थळ बघा की. आता आमची काई अट न्हाय. पयलं लगीन मोडल्याली असू द्या, नवरा गेल्याली असू द्या. माझ्यामागं पोरगं एकटं पडंल हो."

मी 'बघतो' म्हणालो. मला बघायची गरजच नव्हती. पोराने स्वतःच बघून ठेवलं होतं.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक मुलगी आमच्याकडे यायची. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण तिची आई तिला 'पोरगी'च म्हणायची आणि आम्हीही. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच काळात गेला. त्याला काय आजार होता हे सासरच्यांना आधीपासून ठाऊक होतं. हिला तो गेल्यावर स्वतःची तपासणी झाली तेव्हा कळलं. ती आईकडे परत आली. आईला तिने काही सांगितलं नाही. त्या घरात मी 'कंपनीतला साहेब' होतो, कामगारांच्या घरी विचारपूस करायला येणारा. असा साहेब कुठल्या कंपनीत असतो देव जाणे, पण म्हातारीला तो खरा वाटायचा आणि ती माझ्यासाठी थालीपीठ लावायची.

या दोघांची ओळख दवाखान्यात झाली, औषध घ्यायच्या दिवशी, बाकावर. दर खेपेला तोच बाक. त्याने तिला जागा करून दिली, तिने त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. मुका माणूस त्या बाकावर बोलायला लागला. दोघांना एकमेकांचं सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांशी दोघं मिळून बोलली होती, आणि मग एका शुक्रवारी दोघं आमच्या खोलीत शेजारी शेजारी उभी राहिली. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आमाला लग्न करायचंय. घरच्यांच्या कानावर कसं घालायचं ते तुमी बघा."

मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. कामात आम्ही बातम्या ऐकतो त्या बहुतेक वाईट. ही जोडी जुळलीच पाहिजे, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. मी दोन्ही घरी गेलो. पळसदेवला ठिबकवाला म्हणून सांगितलं, लोणीत एक चांगली मुलगी आहे. लोणीला कंपनीतला साहेब म्हणून सांगितलं, पळसदेवला एक चांगला बागायतदार आहे. दोन्हीकडे होकार. बघायचा कार्यक्रम ठरला, मुलीच्या घरी, तिच्या सुट्टीच्या दिवशी. माझं काम संपलं, असं समजून मी त्या सकाळी आरामात दाढी करत होतो.

आबांचा फोन आला. "आमी निघतोय. तुमी कुठवर आला?"

"मी कशाला आबा? तुमचं तुम्ही बघून या."

"कशाला म्हंजे? मध्यस्थाबिगर बघाबघी कुठं आसती का? घरात बाईमाणूस न्हाय, मी काय बोलू तितं? आमी फाट्यावर थांबतो. तुमी आल्याबिगर गाडी हालायची न्हाय."

फोन ठेवला तेव्हा माझ्या अर्ध्या तोंडाला साबण होता. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती. स्थळ सुचवणारा माणूस बघायच्या कार्यक्रमाला मधोमध बसतो, दोन्हीकडचं बोलणं तोच करतो, हे महाराष्ट्रातलं शेंबडं पोर सांगेल. पण मला ठाऊक असणार कुठून? माझं कधी कुणी बघितलं नाही, मी कुणाला बघायला गेलो नाही. लग्नाचं वय झालं तसा मी नातेवाइकांच्या असल्या कार्यक्रमांपासून लांब पळत आलो, न जाणो कुणाला माझीच आठवण व्हायची. ताईला फोन केला तर ती आधी खदखदून हसली.

"आपल्यातल्या कुणाची झालीया बघाबघी? कुणाच्याबी ध्यानात न्हाय आलं बघ, माझ्याबी न्हाय." मग तिचा आवाज बदलला. "आता जा. पण तितं तिसरं खोटं बोलू नगं."

फाट्यावर आबांच्या जीपमध्ये बसलो. लोणीच्या त्या घराच्या दारात पाय ठेवला आणि म्हातारीचा चेहरा उजळला. "आगं बया, साहेब सोता आलं!" मग आबांकडे वळून कौतुकाने म्हणाली, "आमच्या पोरीच्या कंपनीतलं साहेब हायती हे. लई भला माणूस."

आबा चप्पल काढता काढता थांबले. "कंपनीतलं? हे आमचं ठिबकवालं हायती."

"न्हाय वो, कंपनीतलं."

"आवो, आमच्या रानात येऊन फिल्टर धुत्यात हे!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाने जमिनीकडे पाहिलं. लग्न जुळवायला आलेला माणूस स्वतःच कोण आहे हे धड सांगू शकत नसेल, तर त्याने आणलेल्या स्थळावर कोण विश्वास ठेवील? मला हे सगळं ढासळताना दिसत होतं. आणि ताईने करू नको म्हणून बजावलं होतं तेच मी केलं. जीभ माझ्याआधी धावली.

"अहो, दोन्ही एकच! कंपनीत ठिबकच्या नळ्याच तयार होतात. निम्मा आठवडा कंपनीत, निम्मा शेतावर."

काय सुंदर खोटं होतं ते! दोन्ही घरं त्यात बरोबर मावली. आबा मोठ्याने हसले, म्हातारी म्हणाली, "तरीच म्हनलं!" आणि आम्ही चटईवर बसलो. पोहे आले. आबांनी मुलीचं शिक्षण विचारलं, म्हातारीने विहिरीचं पाणी विचारलं. मी मधोमध बसून दोन्हीकडचं बोलत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मुलगी चहाचा ट्रे घेऊन आतून आली. तिने ट्रे खाली ठेवला, पण कप कुणाला दिला नाही. उभीच राहिली.

"आमच्या कंपनीत नळ्या न्हाईत होत," ती म्हणाली. "बाटल्यांची झाकणं होत्यात."

मी तिच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस म्हणून. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"दादा, पयल्या येळंला पण मध्यस्थ असाच गोड बोलला हुता. नवऱ्याला कावीळ झालती, आता बरा हाय म्हनला. त्याला सगळं ठावं हुतं. ह्या येळंला मध्यस्थ खोटं बोलला तर मला हे लग्न करायचं न्हाय. कितीबी चांगलं घर असू द्या."

मग ती आबांकडे वळली. "मला एचआयव्ही हाय. नवऱ्याकडनं आला. रोज गोळी घेते, कामाला जाते, ठणठणीत हाय. हे दादा कंपनीतलं न्हाईत आन ठिबकवालंबी न्हाईत. आमच्यासारख्यांना आधार देणाऱ्या संस्थेतलं हायती."

मुलाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याला गप्प बसायची पुरी मोकळीक होती. आबा उठले असते, तोही मागोमाग उठला असता आणि त्याच्या घरात काहीच बदललं नसतं. म्हातारी उंबऱ्यावर मटकन बसली होती. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

मुलाने त्याची ताटली खाली ठेवली. "आबा, मलाबी हाय," तो म्हणाला. "लई दिवस झालं."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून बाहेर गेले.

आत म्हातारी लेकीला म्हणत होती, "मी रातंदीस तुझ्यासंगट आसती, मला न्हाय सांगितलंस."

"तू रडली असतीस."

"रडले असते. मग काय झालं असतं?"

मी आबांच्या मागे गेलो. ते जीपच्या बॉनेटला टेकून रस्त्यापलीकडच्या कारखान्याच्या पत्र्याकडे बघत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"मरणार का वो ते?"

"नाही आबा. रोजची गोळी चुकवली नाही तर तुमच्याइतकं जगेल. दोघांना मूलबाळही होईल. डॉक्टरांचं ऐकून वागलं की बाळाला आजार येत नाही. आमच्या माणसांची अशी पोरं अंगणात धावतायत."

"आन तुमी खरं कोण?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लपवायचा मला कंटाळा आला होता. "त्या संस्थेचं काम करतो. ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी आणि माझ्यासारख्यांसाठी."

"तुमच्यासारखं म्हंजे?"

"मी एका पुरुषाबरोबर राहतो, आबा. नवरा-बायको राहतात तसं. म्हणून तर बघाबघीला मध्यस्थ लागतो हे मला ठाऊक नव्हतं."

आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आता शिव्या येणार म्हणून मी खांदे ताठ केले. काम सोडायला लागलं तरी बेहत्तर, पण मान खाली घालायची नाही, असं ठरवून उभा राहिलो.

"मग ठिबकाचं कुणी शिकिवलं तुमाला?"

"कुणी नाही. तुम्ही विचारायचात म्हणून शिकलो."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ते हसले नाहीत. रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, डोळेही पुसले. "माझ्याच घरात," ते म्हणाले. "रोज गोळी घेत हुतं, आन मला पत्ता न्हाय. कुठं ठिवतं ते गोळ्या?"

"ते मी सांगणार नाही. त्यालाच विचारा."

आबा आत गेले. मी दारातच थांबलो. मुलगा अजून तसाच बसलेला, मुलगी तशीच उभी, चहावर साय धरलेली. आबा मुलासमोर बसले.

"गोळ्या कुठं ठिवतोस?"

"मोटारीच्या खोलीत. स्टार्टरच्या पेटीमागं."

आबांचा आवाज एकदम चढला. "तितं उंदरं हायती की रं! औषध आसं ठिवत्यात व्हय?"

मुलाने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात तसाच ठेवून त्यांनी मुलीकडे वर पाहिलं.

"आन तू गं? तुझ्या कुठं आसत्यात?"

"डब्याच्या पिशवीत," ती म्हणाली. "आतल्या खिशात."

आबांनी थोडा विचार केला. "घरात फडताळ हाय. वरचा कप्पा ह्याच्या आईचा. ती गेल्यापास्नं मी त्यात काई ठिवलं न्हाय. दोगांच्याबी तितंच ठिवा."

मुलगी इतका वेळ उभी होती. ती चटईच्या कडेला बसली आणि तिने चहाचा पहिला कप आबांच्या हातात दिला.